येथे चिंच होती

गावाचं नाव सांगत नाही, कारण चौकशी अजून चालू आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, गच्चीवर चढलं की उत्तरेला सातपुडा दिसतो आणि नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, एवढं पुरे. एवढ्यावरून कोणी ओळखलंच तर त्याने ते आपल्यापाशी ठेवावं.

या गावात उकंडराव बत्तीस वर्षं पोस्टमन होते. 'चिंचेजवळ' एवढ्या एका शब्दावर त्यांनी मनिऑर्डरी पोचवल्या, राख्या पोचवल्या, लग्नपत्रिका आणि कोर्टाची समन्सही पोचवली. पत्ता म्हणजे काय असतं, हे त्यांना शिकवायची कोणाची टाप नव्हती. आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याच घरी आलेला कुरियरवाला चौकातून फोन करू लागला, "काका, लोकेशन टाका." उकंडराव म्हणायचे, "चिंचेजवळ ये ना बे." तो म्हणायचा, "चिंच कुठी हाये?" मग उकंडरावांना चपला घालून चौकात जावं लागायचं.

कारण चिंच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी रस्ता सिमेंटचा झाला, त्यात ती गेली. उकंडराव सकाळी टपालाची थैली घेऊन निघाले तेव्हा होती, दुपारी परत आले तेव्हा नव्हती. पाठोपाठ हौद बुजला, त्यावर मोबाईलचं दुकान उभं राहिलं. टॉकीज पडली, तिथे मंगल कार्यालय आलं. बसस्टँडसुद्धा उठून बायपासला जाऊन बसलं. चिंचपुरा या त्यांच्या मोहल्ल्याला आता नवचैतन्य कॉलनी म्हणतात, आणि स्टँडवरचे ऑटोवाले सवारी बोलावतात ती 'टॉवर, टॉवर, टॉवर' अशी. टॉवर मोबाईल कंपनीचा आहे. त्याच्याखाली सावली पडते ती एखाद्या काठीएवढी, आणि तीही बसायला थांबत नाही.

चिंचेखाली कचरूचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. कचरू सहा फूट उंच, बोलायला कमी, हाताला पक्का. रोज सकाळी वाटपाला निघण्याआधी उकंडरावांची सायकल त्याच्यासमोर उभी राहायची, तो दोन्ही चाकांना अंगठा लावून बघायचा, आणि मग दोघं अर्धा-अर्धा कप चहा घ्यायचे. असं बावीस वर्षं चाललं. चिंचेची एक फांदी उकंडरावांच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर इतकी खाली आली होती की प्रत्येकाला मान खाली घालूनच जावं लागे. उकंडरावांचे जावई लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा फेट्यासकट तिला धडकले होते, आणि आत येऊन "सासरी वाकावं लागतं म्हणतात ते हेच काय?" असं विचारून बसले होते. चौदा वर्षांपूर्वी कचरूची मुलगी समता धाड गावच्या शाळेत मास्तरीण झाली आणि बापाला घेऊन गेली. जाताना कचरूने पंप उकंडरावांना दिला. तो अजून त्यांच्या पलंगाखाली आहे.

नंतर दोघांची पत्रं सुरू झाली. कचरूने मोबाईल कधी ठेवला नाही, आणि उकंडरावांना पत्राशिवाय दुसरं काही पटत नव्हतं. चिंच गेली त्या आठवड्यात उकंडरावांनी कार्ड लिहायला घेतलं. 'चिंच' असं लिहिलं आणि पुढचं काही हातून उतरेना. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मरणाच्या तारा ज्यांनी दारोदार नेल्या, त्या माणसाला एक झाड गेल्याचं कळवता आलं नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, 'चिंच बरी आहे.' मग पुढच्या कार्डातही तेच लिहिणं आलं. अकरा वर्षं चिंच बरीच होती.

होळीनंतर समताचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती म्हणाली, "काका, बाबा बुद्धपौर्णिमा झाली का त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्याकडे येतो म्हणून राह्यले. मांगच्या वर्षी आल्ते तसे."

"मांगच्या वर्षी?" उकंडराव म्हणाले.

"हाव ना. तुमच्याकडेच तर आल्ते. पुष्पाकाकूच्या हातचं पिठलं खाल्लं म्हणे, चिंचेखाली बसले म्हणे. चार दिवस तेच सांगत होते."

उकंडरावांनी भिंतीला हात टेकला. मागच्या वर्षी कचरू आला नव्हता. म्हणजे आला होता, पण त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. नव्या स्टँडवर उतरला असेल, टॉकीज शोधली असेल, हौद शोधला असेल, भर उन्हात तास-दोन तास फिरला असेल. आणि जिथे जन्म गेला त्या मोहल्ल्यात कोणाला रस्ता विचारायची लाज वाटली म्हणून तसाच परतीच्या गाडीत बसला असेल. आणि घरी जाऊन पिठलं खाल्ल्याचं सांगितलं असेल.

"हाव, हाव," उकंडराव फोनवर म्हणाले. "आल्ता ना. मी बी किती विसरभोळा झालो पाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी पुष्पाबाईंना सगळं सांगितलं. पुष्पाबाई कणीक मळत होत्या, त्यांचे हात थांबले. "मंग या बारीले तुमी स्टँडवर घ्याले जा," त्या म्हणाल्या.

"घ्याले गेलो त त्याले समजन का मले समजलं. त्याले आपल्या पायानं येऊ दे."

"पायानं येईन कसा? चिंच कुठी हाये?"

असा तो प्रकल्प सुरू झाला. प्रकल्प अगदी लहान होता. दोन फूट बाय एक फूट पाटी, तिच्यावर तीन शब्द: 'येथे चिंच होती'. चौकातून दिसेल अशी लावायची. कचरू येईल, वाचेल, कोणाला काही न विचारता डावीकडे वळेल. अकरा वर्षांचं खोटंही त्यातच, तोंड न उघडता, कबूल होऊन जाईल. उकंडरावांना ही युक्ती इतकी आवडली की त्या दिवशी त्यांनी दुपारची झोप घेतली नाही.

पाटी रंगवणारा पेंटर गावात उरला नव्हता. तो आता दिवाळीत घरं रंगवतो आणि बाकी वर्षभर त्याबद्दल पस्तावतो. फ्लेक्स छापणारा प्रज्वल होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, प्रत्येक वाढदिवसाचा जिम्मेदार. तो म्हणाला, "काका, फोटोशिवाय फ्लेक्स कोणी पाह्यतच नाई."

"चिंचेचा फोटो नाही माझ्याजवळ."

"तुमचा देऊ ना."

"माझा कायले?"

"माणूस पाह्यते आधी, मंग वाचते. वीस वर्षं हेच करून राह्यलो मी, काका."

उकंडरावांनी फोटोला साफ नकार दिला, आणि दोन दिवसांनी तयार झालेल्या फ्लेक्सवर त्यांचा हात जोडलेला फोटो होता. तो मुलाच्या लग्नातला होता. प्रज्वलने तो कुठून मिळवला ते अजून कळलेलं नाही. वर मोठ्या अक्षरांत 'येथे चिंच होती', आणि खाली, साच्यातच असल्यामुळे, 'शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ'. आकारही दोन बाय एक राहिला नव्हता, सहा बाय चार झाला होता. "त्याच्याहून लहान मशीनमधून निघतच नाई," प्रज्वल म्हणाला.

फ्लेक्स लागल्या दिवसापासून उकंडरावांना मोहल्ल्यात निराळा मान मिळू लागला. मान आणि संशय. वॉर्डाची निवडणूक जवळ आली होती, आणि ज्याचा फोटो हात जोडून खांबावर चढतो तो माणूस उभा राहणार, हे इकडे लहान मुलालाही समजतं. नगरसेविकेचे यजमान मुद्दाम येऊन ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "भाऊ, चिंच हे निशाणी मिळत नसते बरं." समोरच्या सरस्वतीबाई मायेने समजावू लागल्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, आणि सल्ला कोणी मागितला नाही म्हणून तो द्यायचं त्यांनी कधी थांबवलं नाही. "पाटी-बिटी काही टिकत नाई उकंडा. एक गोटा ठेव, शेंदूर लाव. मंग पाय, कलेक्टर बी हलवत नाई." उकंडरावांनी तो सल्ला मनोमन नाकारला, पण बराच वेळ घेऊन नाकारला.

आठव्या दिवशी नळ आला आणि त्याच दिवशी नगरपालिकेची नोटीसही आली. विनापरवानगी फलक. उकंडराव सरकारी माणूस. परवानगी घ्यावी हे त्यांना मनापासून पटलं. धुतलेला सदरा घालून, अर्ज लिहून ते कचेरीत गेले. तिथल्या वंदना मॅडम सज्जन बाई होत्या, आणि सज्जन असल्यामुळे त्यांनी अर्ज नीट वाचला. खरं तर सगळा घोटाळा इथेच झाला.

"काका, तुम्ही लिहिलंय की इथे चिंच होती."

"हो."

"होती म्हणजे आता नाही?"

"अकरा वर्षं झाली."

मॅडमनी कपाटातून वृक्षगणनेचं रजिस्टर काढलं आणि त्यांच्यापुढे फिरवलं. झाड क्रमांक एकशे बारा. चिंच. घेर अकरा फूट. शेवटची पाहणी गेल्या वर्षीची. शेवटच्या रकान्यात बाकदार अक्षरात लिहिलं होतं, 'वृक्षाची स्थिती : उत्तम.'

उकंडराव ती ओळ बघत राहिले. दुसरं कोणी असतं तर टेबलावर मूठ आपटली असती. पण ते आपटणार कशाच्या बळावर? रजिस्टरवाल्याने आणि त्यांनी अकरा वर्षं एकच मजकूर लिहिला होता. फक्त याने कचेरीला कळवलं होतं आणि त्यांनी कचरूला.

"झाड आहे, तर 'होती' लिहिलेला फलक चुकीचा ठरतो," मॅडम हळहळून म्हणाल्या. "आणि झाड नाही, तर ते विनापरवानगी तोडलं गेलं. मग ते कोणी तोडलं, हे बघावं लागेल."

"बघा ना."

"बघायचं म्हणजे तक्रारदार लागतो, काका. तो तुम्ही झालात."

चारच दिवसांत कागद आला. 'आपण दिलेल्या माहितीनुसार वृक्ष क्र. ११२ जागेवर आढळून येत नसल्याचे समजते. तरी सदर वृक्ष आपण शेवटचा केव्हा पाहिला, त्यावेळी आपण कोठे होता व सदर वृक्ष नेमका कोठे उभा होता, याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा आपणास काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल.' आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटिशी सही घेऊन वाटलेल्या माणसाला ही नोटीस सही करून घ्यावी लागली. नव्या पोस्टमनने "काका, इथं करा" म्हणून बोट ठेवून जागा दाखवली, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

मग बातमीदार शिवम आला. त्याचं एक साप्ताहिक आहे, मोबाईलवरचं चॅनेल आहे आणि दोन्हीसाठी मिळून एक माईक आहे. त्याने उकंडरावांना रिकाम्या रस्त्यावर उभं केलं आणि कॅमेऱ्यात बघून गरजला, "अकरा फूट घेराची चिंच गेली कुठे? रजिस्टरवर हिरवीगार, रस्त्यावर बेपत्ता!" मग माईक उकंडरावांच्या तोंडापुढे धरून त्याने विचारलं, "काका, तुमच्या भावना काय हायेत?"

उकंडराव म्हणाले, "तिच्याखाली कचरू बसत होता."

शिवमने हे वाक्य कापलं. बाकीचं संध्याकाळपर्यंत जळगाव जामोदपासून सोनाळ्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी लोक गाड्या थांबवून विचारू लागले, "ते चोरीले गेलेली चिंच इथलीच काय?" उकंडराव काही दिवस मागच्या दाराने भाजी आणायला जात होते.

शेवटी पंचनाम्याचा दिवस ठरला. नगरपालिकेचे साहेब आले, टेप आला, रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं आलं, आणि पंच म्हणून मोहल्ल्यातलीच पाच जुनी माणसं बोलावली. पाच पंचांनी चार जागा दाखवल्या. सरस्वतीबाईंनी दाखवलेली जागा त्यांच्या दारासमोर होती, जिथे शेजारी रोज चारचाकी उभी करतो. तिथे निदान चौकशी संपेपर्यंत काही उभं करता येणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. मोबाईलच्या दुकानदाराचं म्हणणं होतं की चिंच कुठेही असो, त्याच्या दुकानापुढे नव्हती. साहेब उकंडरावांकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही रोज तिच्याखालून जायचे ना?"

उकंडराव पुढे झाले, हात उचलला आणि तसाच थांबला. रस्ता तेव्हा मातीचा होता, आता दोन फूट उंच झाला. ओटा तेव्हा पुढे होता, तो रुंदीकरणात कापला गेला. कोपऱ्यावरचं घर पाडून नवं बांधलं. ज्या कशाकशावरून ती जागा सांगायची, त्यातलं काहीच जागेवर नव्हतं. बत्तीस वर्षं गावाला पत्ते सांगणाऱ्या माणसाला आपल्या दारातल्या झाडाचा पत्ता सांगता येईना. "इथी कुठी तरी," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

साहेबांनी चार जागांच्या मधली एक जागा काढली. त्यांच्या मते हा न्याय होता. तिथे अकरा फुटांचा फक्कीचा गोल ओढला, फोटो काढले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. जाताना पुरावा म्हणून फ्लेक्सही काढून नेला. बुद्धपौर्णिमा झाली होती. रविवार दोन दिवसांवर होता.

"आता?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"आता काय," उकंडराव म्हणाले. "आता तो येईन, फिरन, आन् जाईन मांगच्यासारखा. आन् मी इथी ओट्यावर बसून राहीन." पुष्पाबाईंनी वांगी निवडायला घेतली, भरताची.

रविवारी सकाळपासून ते ओट्यावर होते. पहिली गाडी आली असेल, दुसरी आली असेल. वैशाखाचं ऊन सिमेंटवर नुसतं तापत होतं आणि चौकात कोणी थांबत नव्हतं, कारण थांबावं असं तिथे काहीच नव्हतं. दोनदा त्यांनी चपला घातल्या, स्टँडवर जावं म्हणून, आणि दोनदा काढल्या. चिंच असती तर निदान तिच्याखाली बसून वाट बघितली असती, असं त्यांना वाटलं, आणि मग वाटलं की ती असती तर वाट बघायची वेळच आली नसती.

बाराच्या सुमाराला चौकातून एक ऑटो वळला. फक्कीच्या गोलापाशी येऊन कचकन थांबला आणि ऑटोवाला ओरडला, "चिंच! चिंचवाले उतरा!"

मागून आधी एक लांब पाय उतरला, मग पिशवी, मग पांढऱ्या टोपीतला कचरू. वाकला होता थोडा, पण अजून सहा फुटांच्या आसपास भरला असता. उकंडरावांना ओट्यावरून उतरताना दुसरी चप्पल सापडली नाही. एकच घालून ते तापल्या सिमेंटवर गेले.

"रामराम, कचरू."

"जय भीम, उकंडा." कचरूने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मग मान ताठ करून म्हणाला, "कोणालेच विचारा नाई लागलं. स्टँडवर उतरलो, त ऑटोवाला सोताच बोंबलून राह्यल्ता, 'चिंच, चिंच, चिंच'. म्या म्हटलं, हे त आपलीच. बसलो."

उकंडरावांनी ऑटोवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "टॉवर म्हटलं का आता कोणी येतच नाई काका. त्या बातमीपासून सारे चिंचच म्हणून राह्यले." आणि तो पुढची सवारी बघायला निघून गेला.

"कचरू," उकंडराव म्हणाले, "म्या तुले कार्डात लिहिलं का चिंच..."

"बरी हाये म्हणून," कचरू म्हणाला. त्याने रस्त्यावरच्या पांढऱ्या गोलाकडे एकदा बघितलं, वर मोकळ्या आभाळाकडे बघितलं. "म्या बी असंच लिवलं असतं."

तेवढ्यात पुष्पाबाई दारात आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोठ्याने, समोरच्या सरस्वतीबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या भाऊजी! मांगच्या वर्षी आल्ते तवा नुसत्या पिठल्यावर बोळवण केली तुमची. आज भरीत हाये."

कचरू थबकला. त्याने पुष्पाबाईंकडे बघितलं, मग उकंडरावांकडे. टोपी काढून कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली.

"पिठलं झकास झाल्तं वहिनी," तो म्हणाला.

मग तो घराकडे निघाला. साहेबांच्या गोलातून सरळ पार झाला, त्याच्यापुढे चार पावलं गेला, आणि तिथे, रखरखीत उन्हात, वर काही म्हणजे काही नसताना, त्याने मान खाली घातली, कंबरेत वाकून दोन पावलं टाकली आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ झाला. आपण काही केलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. पिशवी सावरत तो ओट्याची पायरी चढू लागला.

उकंडराव जिथल्या तिथे उभे राहिले. पाच पंच, एक टेप आणि दोन महिन्यांचा कागद. सगळ्यांची जागा चार पावलं चुकली होती. उद्या कचेरीत जाऊन सांगावं असं त्यांच्या मनात आलं, आणि मग आलं तसं गेलं. ते एका चपलेने चालत त्या जागेपर्यंत आले, मान खाली घातली, आणि वाकून घरात गेले.